शेजारच्या गच्चीवर कुत्र्यांचं हॉस्टेल

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. फराळाचं काही नाही, थेट मुद्दा. "रात्री सव्वाबारा वाजलेत, आणि वर आठ कुत्री एका सुरात. तुझ्या काकांची गोळी घेऊन पण झोप न्हाई." मावशी कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला राहते. बैठे बंगले, दोन घरांमध्ये कसंबसं पाच फूट अंतर. शेजारच्या तरुणानं वर्षभरापूर्वी घरीच कुत्र्यांचं पाळणाघर सुरू केलं होतं. लोक गावाला जाताना आपलं कुत्रं त्याच्याकडं सोडतात, दिवसाप्रमाणे पैसे देतात. गिऱ्हाईक वाढलं तशी कुत्री घरातून गच्चीवर गेली.

मावशीनं आधी त्याला प्रेमानं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, कुत्री हाईत, भुंकणारच की." मग ती पोलीस ठाण्यात गेली, तिथून एक कागद मिळाला. महापालिकेत गेली तर भटक्या कुत्र्यांची गाडी पाठवू का म्हणून विचारलं. चार ठिकाणी फिरून ती घरी आली ती एकच प्रश्न घेऊन: ही तक्रार आहे तरी कुणाच्या खात्याची?

मी वकील नाही. तिच्यासाठी कागद चाळता चाळता जे कळलं ते इथं मांडतो, कारण हल्ली हा प्रश्न एका मावशीचा राहिलेला नाही. ताराबाई पार्कापासून पाचगावपर्यंत कुठंही जा, एखाद्या गल्लीत "पेट बोर्डिंग"ची पाटी दिसतेच.

आधी एक गाठ सोडवू: ही भटकी कुत्री नव्हेत

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कुत्र्यांबद्दलच्या आदेशावरून देशभर रान उठलं होतं. ११ तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश आला. २२ तारखेला तो बदलला: नसबंदी आणि लस करून त्यांना मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळून. तेव्हापासून "कुत्रं" म्हटलं की माणसं दोन तट करून उभी राहतात, आणि पाळणाघराची तक्रारही त्याच भांडणात ओढली जाते.

त्या आदेशाचा मावशीच्या गच्चीशी काही संबंध नाही. तिच्या डोक्यावरची कुत्री मालकांची आहेत, लसवलेली आहेत, काहींच्या गळ्यात माझ्या घड्याळापेक्षा महाग पट्टे आहेत.

कायदा इथं दोन गोष्टी वेगळ्या धरतो: कुत्रं पाळणं आणि कुत्र्यांचा धंदा करणं. पाळणाऱ्याला भरपूर संरक्षण आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोसायटीला सरसकट "इथं कुत्रं पाळायचं नाही" असा नियम करता येत नाही. पण आपलं एक लॅब्रॅडॉर सांभाळणं आणि दिवसाला पैसे घेऊन लोकांची आठ सांभाळणं यांत तोच फरक आहे जो घरी पोळ्या करण्यात आणि घरात खानावळ काढण्यात आहे. पोळ्या करायला कुणाची परवानगी लागत नाही. खानावळ काढली की धूर, सांडपाणी, गिऱ्हाइकांच्या गाड्या, सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. मावशीची चूक ही झाली की ती जाईल तिथं "कुत्र्यांचा त्रास" असं सांगत होती. समोरचा माणूस लगेच भटक्यांचा रकाना उघडायचा. "रहिवासी घरात चालणाऱ्या व्यवसायाचा उपद्रव" असं म्हटलं की रकाना बदलतो.

आवाज: ५५, ४५ आणि १०

ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे यातलं मुख्य शस्त्र. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजपट्टी फुटपट्टीसारखी सरळ नाही, भूकंपाच्या रिश्टरसारखी आहे. कोयनेचे हादरे अंगावर घेतलेल्या पट्ट्यातल्या माणसाला हे फार सांगावं लागत नाही: चार आणि पाच यांत दिसायला एकाचा फरक, पण हादरा दहापट. आवाजाचंही तसंच. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. व्यापारी भागात हेच आकडे ६५ आणि ५५ आहेत. मर्यादेपेक्षा १० किंवा जास्त डेसिबल आवाज झाला तर नागरिकाला रीतसर तक्रार करता येते, असं नियम ७ सांगतो. म्हणजे तुमच्या बंगल्यापाशी रात्री ५५ गाठले की तुमची तक्रार नियमात बसली.

यावर शेजारी म्हणेल, "कुत्रं काय सतत भुंकत नाही, मधनंमधनं भुंकतं." मर्यादा सरासरीवर ठरते, हे त्याचं खरं आहे. पण ही सरासरी साधी बेरीज-भागाकाराची नव्हे, ऊर्जेची आहे. पातेलंभर पांढऱ्या रश्श्यात पळीभर तांबडा ओतून बघा. प्रमाण कितीही कमी असो, रंग बदलतोच. समजा तुमच्या खिडकीपाशी भुंकण्याची पातळी ८५ आहे. पाच फुटांवरच्या मोठ्या कुत्र्याला हे काही जड नाही. तासातली फक्त सहा मिनिटं भुंकणं झालं आणि बाकी वेळ स्मशानशांतता असली, तरी त्या तासाची सरासरी ७५ च्या आसपास येते. तासात एकूण छत्तीस सेकंद भुंकलं तरी ६५. रात्रीची मर्यादा ४५.

एक कुत्रं भुंकलं की दुसरं भुंकतं, हा गमतीचा भाग बाजूला ठेवून सांगतो: सारख्याच आवाजाची दोन कुत्री एकदम भुंकली तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनं वाढतो. खरा त्रास आकड्यात नाही, लांबणीत आहे. एकट्या कुत्र्याला भुंकायला कारण लागतं. आठांना पहिल्याचं भुंकणं हेच कारण पुरतं. त्यात ही सगळी मालकापासून तुटलेली, परक्या वासाच्या जागी, आणि दिवाळीत आकाशात बार उडतायत. पाळणाघराचा हंगाम आणि फटाक्यांचा हंगाम एकच.

मोबाइलमधलं मोजायचं अ‍ॅप चालतं का? अंदाजाला चालतं, पुराव्याला नाही. प्रत्येक फोनचा माइक वेगळा. अधिकृत मोजणी प्रमाणित यंत्रावर होते. पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ ती करू शकतं, मंडळाचं कार्यालय कोल्हापुरात आहे. तुम्ही अ‍ॅपचा आकडा दाखवून "मोजणीला या" म्हणायचं, "हा घ्या पुरावा" म्हणायचं नाही.

"गणपतीत डॉल्बी चालतो की!"

कोल्हापुरात आवाजाचा विषय काढला आणि कुणी हे म्हटलं नाही असं होत नाही. मावशीलाही गल्लीतल्या दोघांनी ऐकवलं. याचं उत्तर त्याच नियमांत आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ ध्वनिक्षेपकाला सूट देऊ शकतं. सूट वेळेची आहे, वाट्टेल तेवढ्या आवाजाची नाही. डॉल्बी त्या मर्यादा पाळतो का, हे मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कानांना विचारा. पण एक बेकायदा गोष्ट दुसरीला परवाना देत नाही. आणि मिरवणूक एक दिवस असते, पाळणाघर बारमाही.

वास: फिनाइल टाकलं की दोन वास येतात

आवाजाला आकडा तरी आहे. घराशेजारच्या वासाला "इतका चालेल, इतका नाही" अशी साधी मोजपट्टी नाही, म्हणून वासाची तक्रार पातळ पडते. तेव्हा वास येतो कसा ते थोडं खोलात बघू, कारण शेजाऱ्याकडं नेमकं काय मागायचं ते त्यातूनच कळतं.

ताज्या मुताला फारसा वास नसतो. त्यात युरिया असतो. जमिनीवरचे जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि नाकात जातो तो अमोनिया. या कामाला वेळ लागतो. म्हणजे मूत लगेच धुतलं तर वास तयारच होत नाही. सकाळचं संध्याकाळी धुतलं तर एस.टी. स्टँडची मुतारी. पाणी किती ओतलं यापेक्षा कधी ओतलं याला महत्त्व.

दुसरी गोष्ट फरशी. मावशीच्या शेजाऱ्याच्या गच्चीवर सिमेंटचा जुना कोबा आहे, जागोजागी केसांएवढ्या भेगा. तिच्या जिन्याच्या खिडकीतून मी दुपारी तीनला तो बघत उभा होतो. पोरानं पाइप लावून गच्ची धुतली, पाणी उन्हात सुकत गेलं, आणि सुकताना भेगांच्या कडेनं पिवळट रेघा उमटत गेल्या. धुणं झालं होतं, पण वास भेगांत मुरलेला होता. पाऊस पडला की तोच पुन्हा वर येतो. कोबा, शहाबादी, विटा, सगळं पितं. गुळगुळीत टाइल किंवा वॉटरप्रूफिंगचा थर पीत नाही.

तिसरी गोष्ट फिनाइल. त्यानं वास जात नाही. एकाचे दोन होतात. मुरलेल्या वासाला एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वासाचं मूळच तोडतं. ब्लीचिंग पावडर मात्र मुतावर टाकू नये. तिचा अमोनियाशी संयोग होऊन डोळे आणि घसा चुरचुरवणारा विषारी वायू निघतो. हे शेजाऱ्याला सांगाच. त्यात कुत्र्यांचंही भलं आहे.

आणि शेजारी "मला वास येत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. सतत एकाच वासात राहिलं की नाक तो वास कळवायचं थांबवतं. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्याला मळीचा वास पाहुणा आला की पाहुण्याच्या तोंडावरून कळतो. म्हणून "तुला वास येत नाही का?" हा प्रश्न वायफळ आहे. त्याला आठ दिवस गावाला पाठवून परत आणलं तर कळेल, पण ते आपल्या हातात नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून येतं. पाळणाघर तुमच्या पश्चिमेला असेल तर जूनपासून चार महिने तुमचे. बाकीच्या दिवसांत वास जास्त करून पहाटे जाणवतो, कारण रात्रीची थंड हवा खाली बसते आणि हलत नाही.

उपद्रव म्हणजे काय? दोन तऱ्हा

कायद्यात याला उपद्रव म्हणतात, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका-दोघांनाच जाचतो तो खासगी उपद्रव. त्याला दिवाणी न्यायालय. गल्लीला जाचतो तो सार्वजनिक उपद्रव. त्याला पोलीस, प्रांत आणि महापालिकाही.

मावशीला पोलीस ठाण्यात मिळालेला कागद एन.सी.चा होता, म्हणजे अदखलपात्र नोंद. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ प्रमाणे सार्वजनिक उपद्रवाला दंड आहे १,००० रुपयांपर्यंत. हा गुन्हा अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. पोलिसांनी टोलवलं असं मावशीला वाटलं, पण त्यांच्या हातात तेवढंच होतं. तरी तो कागद फाडायचा नाही. त्रास कोणत्या तारखेपासून आहे याचा तो सरकारी शिक्का आहे. आणि रात्री आवाज चालू असताना ११२ ला फोन केला तर त्याचीही नोंद होते.

जास्त धार आहे ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १३३ होतं. एखादा धंदा लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक सुखाला बाधक असेल तर प्रांताधिकारी तो बंद करण्याचा, हलवण्याचा किंवा नियमात आणण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. सशर्त म्हणजे "अमुक दिवसांत हे करा, नाहीतर इथं येऊन कारण सांगा". मूळ शब्द समाजाच्या सुखाचा आहे, एका घराच्या नाही. म्हणून अर्जावर गल्लीतल्या जितक्या घरांच्या सह्या, तितका त्याला भार. मावशीच्या अर्जावर पाच सह्या झाल्या. सहावं घर म्हणालं, "आमचा टॉमी त्याच्याकडंच असतो."

या कलमाची ताकद १९८० साली रतलामच्या खटल्यात दिसली. उघड्या गटारांच्या आणि मैल्याच्या दुर्गंधीनं त्रासलेले रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडं गेले होते. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ती सबब मानली नाही. सरकारी संस्थेची अडचण चालली नाही, तिथं खासगी धंदेवाल्याची किती चालेल?

परवाना कुणाचा, आणि विचारायचा कसा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ३७६ विनापरवाना करता न येणाऱ्या धंद्यांबद्दल आहे. त्यात एक वाक्य फार कामाचं: जो धंदा आयुक्तांच्या मते जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोक्याचा आहे किंवा ज्यातून उपद्रव होण्याचा संभव आहे, तोही त्यात येतो. म्हणजे "यादीत कुत्र्यांचं पाळणाघर नाही" एवढ्यावर टेबलावरून उठायचं नाही.

दुसरा धागा बांधकामाच्या वापराचा. रहिवासासाठी मंजूर झालेली इमारत धंद्याला वापरायची तर नियम आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० पासून कोल्हापुरालाही लागू आहे. तो प्रश्न नगररचना विभागाचा. घर हद्दीबाहेर, उचगाव-पाचगावकडं असेल तर ग्रामपंचायत, आणि बांधकामासाठी कोल्हापूर क्षेत्र नागरी विकास प्राधिकरण. हे प्राधिकरण २०१७ साली ४२ गावांसाठी झालं.

खिडकीवर तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं. त्यापेक्षा माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न दोनच ठेवा: या पत्त्यावर कोणत्या व्यवसायाचा परवाना दिला आहे, आणि या इमारतीचा मंजूर वापर काय आहे. "कुत्र्यांमुळं झोप लागत नाही, काय कारवाई करणार?" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही, आणि तो विचारणारे अर्ज तसेच परत येतात.

काहीजण वीजमीटर घरगुती आहे की व्यापारी, यावरून महावितरणला कळवायला जातात. जा हवं तर. मीटर बदलून भुंकणं थांबल्याचं ऐकलं नाही, शेजार मात्र कायमचा तुटतो.

अपार्टमेंट किंवा सोसायटी असेल तर वाट थोडी वेगळी. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, पण फ्लॅटचा वापर बदलला म्हणून नोटीस देता येते. ठराव लिहिताना "प्राणी" हा शब्द टाळून "व्यवसाय" लिहिला की निम्मा वाद संपतो.

"घर माझं आहे", "आम्ही आधीपासून आहोत", "तुम्ही प्राणीद्वेष्टे आहात"

ही तीन वाक्यं ऐकायला मिळतीलच.

घर त्याचं आहे, पण आवाज आणि वास कुंपण ओलांडून आले की ते तुमच्या घरात आलेले असतात. २००५ च्या ध्वनिप्रदूषणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं: कुणालाही दुसऱ्यावर आवाज लादायचा हक्क नाही, आणि शांतपणे जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आधी कोण आलं याचं उत्तर जुनं आहे. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षं चालू होते. शेजारच्या डॉक्टरनं त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून कुटतोय. १८७९ साली न्यायालयानं निकाल डॉक्टरच्या बाजूनं दिला. तो खटला आपल्याकडंही वकील सांगतात. मात्र त्याच निकालात दुसरंही आहे: उपद्रव भाग बघून ठरतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत चालेल ते वसाहतीत चालणार नाही, आणि उलटही. शिवाय मोजमाप सर्वसाधारण माणसाचं. तुम्हाला टाचणी पडली तरी जाग येत असेल तर तो तुमचा स्वभाव, शेजाऱ्याचा गुन्हा नाही.

तिसरं वाक्य मावशीला सगळ्यात लागलं, कारण तिनं स्वतः दोन मांजरं पाळलीयत. प्राणिमात्रांवर दया हे संविधानाच्या ५१-क मध्ये नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि ते पाळणाघरवाल्यालाही लागू आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये सांगतो की हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं किंवा अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधणं हा गुन्हा आहे. रात्रभर भुंकणारं कुत्रं बहुतेक वेळा सुखात नसतं. आठ कुत्री, एक गच्ची, एक पोरगा. यात कुत्र्यांची बाजू घेतली तरी तक्रार तीच निघते.

उलट कुणी "काहीतरी खायला टाका, आपोआप गप्प होतील" असा सल्ला दिला तर त्याला घराबाहेर काढा. प्राण्याला विष घालण्याला न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्या दिवसापासून तुमची बाजू संपली.

वही

कुठल्याही वाटेनं जा, एक गोष्ट लागतेच. मावशीला मी दोनशे पानी वही आणून दिली. पहिल्या पानावर तिनं लिहिलं, "रात्रभर भुंकली. काय हे जगणं." हे वाचून कुणाला काही करता येत नाही. तिसऱ्या दिवशी ती शिकली: "रात्री ११.४० ते ११.५५. थांबून थांबून. दोन वेगळे आवाज. गच्चीवरून, उत्तर कोपरा. फटाके नव्हते. ११.५० ला फोन केला, उचलला नाही." वास आला तर वेळ, वाऱ्याची दिशा, त्या दिवशी धुतलं होतं की नाही. शांत गेलेल्या रात्रीही लिहायच्या. त्यामुळं वही खरी वाटते, आणि त्या रात्री काय वेगळं होतं तेही सापडतं.

आपल्या खिडकीतून ध्वनिमुद्रण करायला हरकत नाही, पण कॅमेरा त्यांच्या खोल्यांत डोकावेल असा लावायचा नाही. न्यायालयात मुद्रण द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील बघतील. तुम्ही मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका, एवढंच.

न्यायालयाआधी काय मागायचं

दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मिळतो, मिळायला वेळ लागतो. सार्वजनिक उपद्रव थांबवायचा हुकूम अधिकार असलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं दिला आणि तरी तो चालू राहिला तर न्याय संहितेचं कलम २९३ आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्यापूर्वीच समेटासाठी अर्ज करता येतो. तिथली विधी मदत महिलांना उत्पन्न न बघता मोफत आहे. हे कळल्यावर मावशीनं "मग आधी का न्हाई सांगितलंस?" म्हणून मलाच झापलं.

समेटात "त्रास बंद करा" असं मागितलं तर "हो करतो" असं उत्तर मिळतं आणि आठवड्यात विसरलं जातं. मोजता येईल ते मागायचं. एकावेळी कुत्री किती. रात्री ९ नंतर गच्चीवर एकही नाही, सगळी खोलीत. गच्ची सकाळी ७ आणि दुपारी ४ ला धुवायची, मूत दिसलं की लगेच. विष्ठा पिशवीत, गटारात नाही. सोडायला-न्यायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली, कारण दारात गाडी वाजली की आतली सगळी उठतात. आणि कठड्याला आडोसा. कुत्र्याला रस्ता दिसला नाही की त्याचं निम्मं काम कमी होतं.

आडोशाबद्दल एक गैरसमज. अंड्याचे ट्रे किंवा फोम भिंतीला चिकटवून आवाज अडत नाही. खोलीतला घुमणारा आवाज थोडा मऊ होतो इतकंच. आवाज अडवायला वजन लागतं. वीट, जाड पत्रा, फट नसलेलं दार. झाडांची रांगही दिसायला छान, आवाजाला फारशी कामाची नाही.

मावशीचं प्रकरण समेटातच मिटलं. पाच सह्यांचा अर्ज आणि वहीच्या चाळीस पानांच्या झेरॉक्स बघून पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उत्तर कोपऱ्यातलं ते ब्राउनी, काकू. त्याचं मालक दुबईला गेलंय. ते सगळ्यांना उठवतं." वहीत उत्तर कोपरा सतरा वेळा आला होता. ब्राउनीला त्यानं खाली स्वतःच्या खोलीत घेतलं. कुत्री सहावर ठरली, गच्चीला पत्रा आणि वॉटरप्रूफिंग. पत्रा लगेच आला, वॉटरप्रूफिंग मेच्या सुट्टीतल्या कमाईवर ढकललंय, आणि परवाच्या पावसानंतर मावशीनं वहीत पुन्हा एक ओळ लिहिलीय: "सकाळी ६.१०. वास. वारं पश्चिमेचं. धुतलं नव्हतं." या वेळी तिनं ती ओळ फोटो काढून त्यालाच पाठवली. सव्वासहाला पाइपाचा आवाज आला.